चित्रातला घोडा आणि पडद्यावरचा घोडा

२०२५ साली आपल्या चित्रपटसृष्टीत दोन गोष्टी घडल्या. १ ऑगस्ट रोजी, ‘रांझणा’ या २०१३ सालच्या हिंदी चित्रपटाची तामिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ पुन्हा चित्रगृहांत आली. मूळ चित्रपटात नायक शेवटी मरतो. या नव्या प्रतीत तो जगतो. हे त्याचे जगणे कोणी नव्याने चित्रित केले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्या यंत्राकडून तो शेवट तयार करून घेतला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायकाचे काम करणारे धनुष या दोघांनीही जाहीर नापसंती दर्शवली. हक्क आमचे आहेत, असे निर्मात्या कंपनीचे म्हणणे. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील दृश्येच मुळी यंत्राने रचलेली. कुरुक्षेत्रावर ना कोणी उभे राहिले, ना कोणी घोडा हाकला.

या दोन्हींवर पुष्कळ लिहून आले. कोणी कायद्याची बाजू मांडली, कोणी नटांच्या आणि तंत्रज्ञांच्या पोटापाण्याची. ते प्रश्न मोठेच आहेत. परंतु त्यांच्या बुडाशी एक जुना प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारला नाही: पडद्यावर जे दिसते त्याचे खऱ्या जगाशी नाते कोणते? ते नाते काय होते हे नीट कळले, तरच त्यातले काय तुटते आहे हे कळेल. मी संगीतशिक्षक आहे, चित्रपटाचा पंडित नव्हे. पण आवाजाचे मुद्रण आणि चित्राचे मुद्रण ही एकाच घरातली भावंडे. एकाविषयी जे खरे ते बहुतेक दुसऱ्यालाही लागू पडते. म्हणून हा प्रपंच.

शंकुकाचा घोडा

आपल्याकडे हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच रंगभूमीच्या निमित्ताने निघाला होता. रंगमंचावर रामाचे सोंग घेतलेला नट पाहताना प्रेक्षकाला नेमके काय वाटते? शंकुक नावाच्या आचार्याने याचे उत्तर दिले, ते अभिनवगुप्ताच्या टीकेमुळे आपल्यापर्यंत पोचले. शंकुक म्हणतो, ‘हाच खरा राम’ असे आपल्याला वाटत नाही. ‘हा राम नव्हेच’ असेही वाटत नाही. ‘राम असेल की नसेल’ असा संशय येत नाही, आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी तुलनाही आपण करीत बसत नाही. भिंतीवरचा घोडा पाहून लहान मूल ‘घोडा!’ म्हणते, तसेच काहीसे हे ज्ञान. खरे नाही, खोटे नाही, संशयाचे नाही, सादृश्याचेही नाही. याला चित्रतुरगन्याय म्हणतात.

नाटकाला आणि चित्रकलेला हा न्याय चपखल बसतो. चित्रपटाला तो पूर्णपणे बसत नाही, आणि का बसत नाही हे पाहायला पुन्हा घोड्याकडेच जावे लागते.

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात का, हा वाद एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत रंगला होता. चित्रकार तर कधीपासून घोडे उडवीत होते. झेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली एप्समच्या शर्यतीचे चित्र काढले. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून अधांतरी तरंगताहेत. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले आणि पळत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. घोडा अधांतरी होतो हे खरे ठरले, पण पाय ताणलेले असताना नव्हे. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. शतकानुशतके चांगल्या चांगल्या चित्रकारांनी काढलेला तो डौलदार घोडा तसा कधी धावलाच नव्हता.

याचा अर्थ झेरिकोचे चित्र वाईट ठरले असा नाही. अर्थ एवढाच, की चित्रातला घोडा चित्रकाराचे ऐकतो, आणि छायाचित्रातला घोडा छायाचित्रकाराचे सर्वस्वी ऐकत नाही. घेणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, कदाचित नकोही होते, तेही तिथे उतरते, कारण घोडा खरोखरच तिथून गेलेला असतो. शंकुकाच्या चार नकारांत एक होकार मिसळतो: राम असो वा नसो, हा समोरचा देह कोणे एके दिवशी उन्हात उभा होता.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने १९४५ साली छायाचित्राच्या स्वरूपावर एक निबंध लिहिला. चित्रपटाच्या तत्त्वचर्चेत आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. छायाचित्राची तुलना त्याने बोटाच्या ठशाशी केली आहे. ठसा बोटासारखा दिसतो म्हणून त्याला किंमत नसते. ते बोट तिथे टेकले होते म्हणून असते. छायाचित्र अंधुक असो, डागाळलेले असो, त्याचे बळ त्याच्या उगमात आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्या जुन्या घरांत याचा पडताळा रोज येतो. पणजोबांचे तैलचित्र दिवाणखान्यात मानाने टांगलेले असते. चित्रकाराने पगडी झोकदार काढलेली असते, चेहऱ्यावर तेज आणलेले असते. पण ‘पणजोबा कसे होते’ असे मुलांनी विचारले की आजी कपाटातून तो पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला फोटो काढते, ज्यात त्यांनी ऐन वेळी डोळे मिटले आहेत.

फाळक्यांची लबाडी आणि प्रामाणिकपणा

यावर चतुर वाचक म्हणेल, ‘अहो, चित्रपट पहिल्यापासून खोटाच आहे, मग आता एवढा गहजब कशाला?’ आक्षेप वजनदार आहे आणि त्याला आपल्या बडोद्यातूनच पुष्टी मिळते. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, १८९० च्या सुमारास. छायाचित्रणाची कला त्यांनी इथे आत्मसात केली. पुढे जादूचे खेळही केले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला तेव्हा त्यातली तारामती होते अण्णा साळुंके नावाचे पुरुष. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता दोन्ही तेच. देव प्रकट होतात, गुप्त होतात, ते सारे फितीच्या करामतीने. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्याने जी पौराणिक चित्रे रंगवली, त्यांतल्या देवदेवतांना फाळक्यांनी चालते केले म्हणा ना.

बोलपट आला आणि आवाजही वेगळा झाला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी आपली पदे स्वतः गाइली, चित्रण आणि गायन एका वेळी. तीनच वर्षांनी, १९३५ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत रूढ केली. तेव्हापासून ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे आपण इतके मानून घेतले की त्यात काही खोटे आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. ज्याला सत्यपट म्हणावे अशा चित्रपटांचीही तीच कथा. फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा चित्रपट माहितीपटांचा आद्य पुरुष मानला जातो. पण बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून त्याने अर्धेच घर बांधवून घेतले, आणि नानूक हे त्या शिकाऱ्याचे खरे नावही नव्हते.

तेव्हा आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य. मात्र या सगळ्या लबाड्यांत दोन गोष्टी कायम होत्या. एक, खोटे रचले जात होते ते खऱ्या तुकड्यांचे. साळुंके तारामती नव्हते, पण ते होते. लुगडे नेसून ऊन सोसत उभे होते. नानूकचे नाव खोटे, पण थंडी खरी. पार्श्वगायनात ओठ आणि गळा निराळे, पण तो गळा एका ठरावीक दिवशी एका ठरावीक खोलीत गात होता. दुसरी गोष्ट, प्रेक्षकाला संकेत ठाऊक होता. भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद सांगितला आहे. जगात चालते तसे दाखवणे ते लोकधर्मी, रंगभूमीच्या संकेताने दाखवणे ते नाट्यधर्मी. नाट्यधर्मी म्हणजे फसवणूक नव्हे. संकेत दोन्ही पक्षांना ठाऊक असला की तो करार होतो.

हा करार फाळक्यांनी किती सरळपणे पाळला ते १९१९ च्या ‘कालिया मर्दना’त पाहावे. कृष्णाचे काम त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. चित्रपट सुरू होतो तो कृष्णापासून नव्हे. आधी पडद्यावर ती मुलगीच येते, हसते, रुसते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखवते. आणि मग त्या मुलीचाच डोळ्यांदेखत कृष्ण होतो. ही माझी मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे, असे जणू बाप सांगतो. कथेची गोडी त्याने तसूभरही कमी होत नाही, उलट यमुनेच्या डोहात ती उतरते तेव्हा आपल्याला कृष्णाचेही कौतुक वाटते आणि पोरीचेही.

बाझँने दुसऱ्या एका लेखात असाच एक दाखला दिला आहे. १९२८ च्या ‘द सर्कस’मध्ये चॅप्लिन सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो. सिंह एका तुकड्यात आणि चॅप्लिन दुसऱ्या तुकड्यात दाखवून काम भागले असते. पण दोघे एका चौकटीत दिसतात, आणि त्या प्रसंगाचे सारे हसू आणि सारी धास्ती त्या एका चौकटीवर उभी आहे.

दमसास

आता आवाजाकडे येतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ या तामिळ चित्रपटातील एका गीतात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले. कुटुंबीयांची संमती घेतली, त्यांना मोबदला दिला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. म्हणजे आवाज ही माणसाची स्वतःची चीज आहे हे कायद्यालाही पटू लागले आहे.

गाणाऱ्यांना ते पूर्वीपासून पटलेले आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने तबकड्या भरल्या, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या अखेरीस ती आपले नाव पुकारीत असे. तबकडी परदेशी छापली जायची, तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून ही सोय. आज ऐकताना मात्र ती स्वाक्षरी वाटते. फैयाजखाँसाहेब आपल्या बडोद्याचे. १९५० साली ते गेले. त्यांच्या मैफली तासन् तास चालत, आणि जुन्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तरी त्या तीन मिनिटांत शिकवण्यासारखे इतके आहे की माझे वर्ग त्यावर चालतात. विद्यार्थ्यांना मी सांगतो, नुसते स्वर ऐकू नका, श्वास कुठे घेतला ते ऐका. बोल कुठे तोडला, तान कुठे आवरती घेतली, हे बरेचसे छातीतल्या हवेने ठरवलेले असते. दमसास ही गवयाची मर्यादा, आणि त्या मर्यादेत राहून तो काय करतो ही त्याची विद्या. यंत्राला फुप्फुसे नाहीत. ते श्वासाचा आवाज काढू शकते. श्वास संपण्याची अडचण त्याला नाही.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी गायक होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तरी सणासुदीची हजेरी पुढे काही वर्षे चालू राहिली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे त्यांचे भरातले गाणे मी ऐकलेले नाही. साठीच्या दशकात दांडियाबाजारातील एका स्नेह्यांच्या घरी कोणीतरी त्यांचा पूरिया धनाश्री फितीवर घेतला. ती अठरा-वीस मिनिटांची एकच फीत आमच्याकडे आहे. तीत तबल्यावर हातोडी पडल्याचा आवाज आहे, कपबशी वाजते, आणि मध्येच वडील ‘अरे, तो पंखा बंद करा’ म्हणतात. शेवटाकडे एक लांब तान आहे. ती समेपर्यंत पोचत नाही. दम्याने त्यांना तेव्हाच धरले होते. तान दोन मात्रा आधी तुटते, ते किंचित खाकरतात आणि मुखडा साधाच घेऊन समेवर येतात. तबलजी ‘वाहवा’ म्हणतो, तो त्या तानेला की त्या सावरण्याला, हे मला अजून कळलेले नाही.

मागे एका ओळखीच्या घरातला तरुण आला. हुशार मुलगा, गाण्याची आवड असलेला. म्हणाला, ‘सर, ही फीत द्या मला. यावरून अण्णांचा आवाज घेऊन त्यांच्या आवाजात नवे अभंग करून देतो. खोकला काढून टाकू, ती तानही पुरी करून घेऊ.’ त्याच्या मनात प्रेमच होते. मी त्याला चहा पाजला आणि फीत दिली नाही. तान पुरी झाली असती, ऐकायलाही गोड लागली असती. पण त्या संध्याकाळी ती पुरी झाली नव्हती, आणि ती न पुरी होणे हे माझ्या वडिलांचे आहे. उद्या माझी मुलगी दोन्ही ऐकेल आणि तिला पुरी झालेली तानच खरी वाटेल, ही माझी भीती.

तीन गोष्टी, तीन निवाडे

आता आरंभीच्या घटनांकडे वळू. सरसकट ‘यंत्र वाईट’ म्हणणे हा विचार नव्हे. या प्रकारांना निरनिराळे तोलले पाहिजे.

यंत्राने रचलेले महाभारत माझ्या मते त्यातल्या त्यात निरुपद्रवी. तिथे कोणाच्या देहाची साक्ष खोटी केलेली नाही, कारण देहच नाही. ते शंकुकाच्या चित्रतुरगाकडे परत जाणे आहे. रविवर्म्याची द्रौपदी जशी कोणा हाडामांसाच्या द्रौपदीची साक्ष देत नाही, तशीच ही. कसब कमी-जास्त असेल, रुचेल वा रुचणार नाही, तो रसिकतेचा प्रश्न. त्याने छायाचित्राचा वेष घेतला आहे एवढेच ध्यानात ठेवावे, आणि नट-तंत्रज्ञांच्या रोजीचा प्रश्न वेगळा विचारावा.

दिवंगत गायकाचा आवाज, वारसांच्या संमतीने आणि उघड सांगून वापरला, तर त्यात फसवणूक नाही. तरीही एक खुटखुट उरते. संमती वारस देऊ शकतात. गायकाने ते गीत गाइले असते का, कोणत्या स्वरावर तो अडला असता, हे वारसांनाही ठाऊक नसते. नकार देण्याची मुभा हीसुद्धा कलावंताची कला असते.

‘अंबिकापती’चे प्रकरण मला सर्वांत गंभीर वाटते. तिथे खरे आणि रचलेले एकाच फितीत, एकाच चेहऱ्यावर जोडले गेले. दोन तास धनुष नावाचा नट खरोखर धावला, रडला, पडला. आणि अखेरच्या काही मिनिटांत त्याच्याच चेहऱ्याने जे केले ते त्याने कधी केलेच नव्हते. सुखान्त की दुःखान्त हा इथे मुद्दा नाही. नाटक कंपन्याही गावागणिक शेवट बदलीत. पण तेव्हा नट पुन्हा उभा राहून ते बदललेले काम करीत असे. त्याला ते मान्य तरी असे, किंवा नाइलाजाने का होईना, त्याच्या देहातून ते जात असे. इथे कोणी उभेच राहिले नाही. आणि याची झळ मागच्या दोन तासांनाही लागते. शेवटचे अश्रू रचलेले असतील तर आधीचे कशावरून खरे, ही शंका एकदा शिरली की बाहेर निघत नाही. छायाचित्रातला घोडा आपल्याला न विचारता खरे बोलत होता. त्याच्यावरचा तो विश्वास अशा एकेका प्रतीने झिजतो.

सरकारने याची दखल घेतली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने जो मसुदा काढला त्यात यंत्राने रचलेल्या दृश्याच्या निदान दहा टक्के जागेवर आणि ध्वनीच्या पहिल्या दहा टक्के वेळात तशी खूण असावी, असे सुचवले होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम लागू झाले ते दहा टक्क्यांचे माप वगळून; खूण मात्र सक्तीची राहिली. हे नियम इंटरनेटवरील माध्यमांसाठी आहेत. चित्रगृहात तिकीट काढून बसणाऱ्यालाही हे कळले पाहिजे, आणि ते अखेरच्या नामावळीत, लोक उठून दरवाजाकडे चालू लागल्यावर नव्हे. फाळक्यांनी मुलगी आधी दाखवली होती.

उरला प्रश्न आपला. आपण इथे येऊन पिढ्या झाल्या. आपला इतिहास सरकारी दप्तरांत थोडा आणि रावपुरा-दांडियाबाजारातल्या कपाटांत जास्त आहे: लग्नांचे फोटो, गणेशोत्सवातल्या मेळ्यांचे फोटो, कोणाच्या मुंजीची हलती फीत, कोणाच्या मैफलीचा आवाज. घरोघरची मुले हल्ली हे फोटो यंत्राला देऊन आजोबांना हसायला, मान हलवायला लावतात. गंमत म्हणून हरकत नाही. मात्र ते आजोबा नव्हेत एवढे त्या फायलीच्या नावात लिहून ठेवावे. मूळ फोटो स्वच्छ करण्याच्या नावाखाली बदलू नये. आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने माणसांची नावे, ठिकाण आणि साल लिहावे. फिती असतील तर त्यांची एक प्रत जशीच्या तशी, खोकल्यासकट, वेगळी ठेवावी. ज्यांना नावे सांगता येतात अशी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवर हे काम एका रविवारच्या दुपारी होण्यासारखे आहे.